घोडा शाळेचा, हेल्मेट आपले

आपल्या मंडळातल्या पाच-सहा घरांतली मुले, आणि दोन आयाही, गेली काही वर्षे नियमाने घोड्यावर बसायला जातात. कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला. शिकवणी परवडते का, हा नव्हे, तो दुसरा. पहिला प्रश्न, "कपडे आणि बाकीचं सामान घेण्यात किती पैसे जातात हो?" विचारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर टीव्हीवर पाहिलेली, लाल कोटातली आणि गुडघ्यापर्यंत चकचकीत बूट चढवलेली इंग्रज मंडळी असतात. त्या चित्राला बिचकून दोन घरांनी तरी मुलांना "पुढच्या वर्षी बघू" असे सांगून ठेवले आहे. म्हणून आम्ही घोडेस्वार घरांनी एकत्र बसून हा लेख लिहायला घेतला. पोलो, शिकार, शर्यती यांच्याशी त्याचा संबंध नाही. आठवड्यातून एकदा जवळच्या रायडिंग स्कूलमध्ये जाऊन तासभर घोड्यावर बसणाऱ्या तुमच्या-आमच्यासारख्यांसाठी तो आहे.

शाळेत इतिहासाच्या तासाला शिकलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. मराठ्यांच्या घोडदळात शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येई, बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. इंग्लंडात आपण सगळे बारगीर. घोडा शाळेचा, खोगीर शाळेचे, लगाम, तंग, रिकिबी शाळेच्या. दाणावैरण आणि नालबंदीही शाळेकडेच. त्यांचे आकडे ऐकाल तर तासाची फी स्वस्त वाटू लागेल. आपण सजवायचे ते फक्त स्वतःला. आणि त्यातही नव्या आणि चांगल्याच घ्याव्यात अशा वस्तू दोन, डोक्यावरची आणि पायातली. बाकीचे उतरलेले, मागून आणलेले, सेलमधले, सगळे चालते.

डोक्यापासून सुरुवात करू. इथली घोडेवाली मंडळी त्याला 'हॅट' म्हणतात, त्यामुळे नवख्या माणसाला वाटते की ती शोभेची टोपी असावी. तशी ती एके काळी होतीसुद्धा. काळ्या मखमलीची, आत जेमतेम अस्तर असलेली जुनी टोपी अजून चॅरिटीच्या दुकानात पाच पौंडांना दिसते. ती नाटकाच्या कपड्यांत ठेवायला ठीक आहे, घोड्यावर नाही. आजची हॅट म्हणजे पुरते हेल्मेट. त्याच्या आत पांढऱ्या थर्माकोलसारख्या दाबलेल्या फोमचा जाड थर असतो. डोके आपटले की तो थर चेपतो, आणि चेपता चेपता आघाताचा जोर स्वतःवर घेतो. म्हणजे हेल्मेट स्वतः मोडून डोके वाचवते. पण हा फोम चेपला की पुन्हा फुगत नाही. एकदा कामी आलेले हेल्मेट दुसऱ्यांदा कामी येईलच असे नाही, आणि बाहेरून पाहणाऱ्याला त्यावर ओरखडासुद्धा दिसत नाही.

आपल्या लोकांची गाडी नेमकी इथे अडते. आपण सगळे वस्तू वापरून वापरून संपवणाऱ्या घरांत वाढलो. थोरल्याचा गणवेश धाकट्याला, धाकट्याचा मावशीच्या मुलाला, मग त्याचे पायपुसणे. ही सवय चांगली आहे आणि या लेखात पुढे आम्ही तिचेच गोडवे गाणार आहोत. पण हेल्मेट तिच्यात बसत नाही. आमच्यातल्या एका घरातली अकरा वर्षांची मुलगी दुडक्या चालीत असताना घोडा बिचकला आणि ती डोक्यावर पडली. उठली, थोडी रडली, संध्याकाळी पोटभर जेवली. शिक्षिकेने तिच्या वडिलांना सांगितले, हे हेल्मेट आता टाकून द्या. साठ पौंडांची वस्तू, घेऊन चार महिने झालेले, एक चरा नाही. घरी दोन दिवस वाद चालला. तिला नवे घेऊ, पण हे निदान धाकट्या भावाला सुरुवातीला चालेल, असा एक पक्ष होता. अखेर मुलीच्या आईनेच कात्री घेतली, हनुवटीखालचे पट्टे कापले आणि हेल्मेट कचऱ्यात टाकले. पट्टे कापायचे ते अशासाठी की दुसऱ्या कुणी ते उचलून वापरू नये. इथल्या तबेल्यांतली ही रीतच आहे. काही उत्पादक अशा पडलेल्या हेल्मेटच्या बदल्यात नव्यावर सवलत देतात, तेव्हा कापण्याआधी दुकानात विचारून घ्यावे.

हेच कारण जुने हेल्मेट विकत न घेण्याचे. मागच्या मालकाने ते कुठे आणि किती वेळा आपटले, हे फोम सांगत नाही. हातातून सिमेंटवर पडलेल्या हेल्मेटचीही तीच शंका. उन्हाळ्यात ते मोटारीच्या मागच्या काचेशी तापत ठेवू नये. आणि पडले नाही तरी साधारण पाच वर्षांनी बदलावे. घाम, उष्णता आणि रोजची हाताळणी यांनी आतले सामान थकते.

विकत घेताना आतला शिक्का पाहावा. 'पास ०१५ : २०११' आणि त्याच्या जोडीला बीएसआयचा पतंगाच्या आकाराचा काईटमार्क, ही इथली नेहमीची खूण. अमेरिकन मानकाचे 'एएसटीएम एफ ११६३' एसईआयच्या खुणेसह असेल तर तेही चांगले. 'ईएन १३८४' हे जुने युरोपीय मानक २०२३ साली नव्या रूपात आले आहे, पण घरात पडून असलेल्या हेल्मेटवर त्याआधीचे साल असेल तर ते त्यात धरू नये. पोनी क्लबची मान्य मानकांची यादी वेळोवेळी बदलते. खरेदीला निघण्यापूर्वी शाळेत विचारले तर दोन मिनिटांचे काम आहे. किमतीचे म्हणाल तर या शिक्क्याचे साधे हेल्मेट चाळीस-पन्नास पौंडांपासून मिळते. दोनशे पौंडांच्या हेल्मेटलाही तीच चाचणी उत्तीर्ण व्हावी लागते. वरचे पैसे बरेचसे हवा खेळण्याच्या जाळीचे, अस्तराचे आणि दिसण्याचे असतात. सायकलचे हेल्मेट मात्र इथे चालवून घेऊ नये. त्याची बांधणी वेगळ्या पडण्यासाठी असते, डोक्याच्या मागच्या खालच्या भागाला ते कमी झाकते, आणि घोड्याचा खूर ही भानगड सायकलवाल्यांना नसते.

माप इंटरनेटवर ठरवू नका. भुवयांच्या किंचित वर फीत धरून सेंटिमीटरचा आकडा मिळतो, पण डोक्याचा आकार मिळत नाही. कुणाचे डोके गोल, कुणाचे लांबट, आणि कंपनीगणिक साचा वेगळा. घोड्याच्या सामानाच्या दुकानात हेल्मेट बसवून देणारी शिकलेली माणसे असतात आणि ती त्याचे वेगळे पैसे घेत नाहीत. बरोबर बसलेले हेल्मेट हलवले की कपाळाची कातडीही त्याच्याबरोबर हलते. पट्टा न लावता मान खाली घातली तरी ते पडत नाही. 'वाढत्या अंगाचे' एक माप मोठे घेणे, हा आपला दुसरा राष्ट्रीय बाणा, इथे पूर्ण गुंडाळून ठेवावा.

बायकांसाठी आणि लांब केसांच्या मुलींसाठी एक सूचना. अंबाडा किंवा उंच पोनीटेल हेल्मेटच्या आत कोंबली की ते मागून उचलले जाते आणि सगळे माप वाया जाते. मानेलगत सैल वेणी घालावी आणि माप घ्यायला जातानाही तशीच घालून जावी. कानातले लोंबते डूल, बांगड्या, अंगठ्या आणि मंगळसूत्र घरी काढून ठेवलेले बरे. लगाम बोटांत अडकतो, आणि घोड्याने मान झटकली की अंगठीखालचे बोट सोलते.

कायद्याचेही सांगून ठेवतो. १९९० च्या कायद्याप्रमाणे ग्रेट ब्रिटनमध्ये चौदा वर्षांखालच्या मुलाने रस्त्यावर घोड्यावर बसताना संरक्षक हेल्मेट घालणे सक्तीचे आहे आणि जबाबदारी मोठ्या माणसावर येते. पगडी घालणाऱ्या शीख मुलांना त्यातून सूट आहे. मोठ्यांना सक्ती नाही, पण हेल्मेटशिवाय कुणालाही घोड्यावर चढू देणारी शाळा आम्ही अजून पाहिली नाही.

आता पाय. इथे धोका घोड्यावरून पडण्याचा तेवढा नाही, पडताना पाय रिकिबीत अडकून घोड्यामागे फरफटत जाण्याचा आहे. म्हणून बुटाला अर्धा इंच तरी टाच हवी, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. आणि तळवा जवळजवळ सपाट हवा, म्हणजे पाऊल सहज सुटते. पळण्याच्या बुटांना टाच नसते, डोंगर चढण्याच्या बुटांचे खाचदार तळवे रिकिबीत रुततात, तेव्हा दोन्ही नकोत. बागेतले गमबूटही नकोत. घोट्यापर्यंतचे, बाजूला रबरी पट्टी असलेले 'जोधपूर बूट' मिळतात. मुलांचे कृत्रिम चामड्याचे वीस-तीस पौंडांना येतात. घोट्याच्या घडीवर ते वर्षभरात तडकतात हे खरे, पण तोवर मुलाचा पाय दोन मापे पुढे गेलेला असतो. वाढ थांबलेल्या माणसाने मात्र खऱ्या चामड्याचे घ्यावेत. काळजी घेतली तर ते आठ-दहा वर्षे जातात. आपल्यातल्या पुष्कळ बायकांचे पाऊल लहान असते, त्यांनी मुलांच्या विभागात आधी पाहावे. तोच बूट, किंमत कमी, आणि मुलांच्या मापांवर व्हॅट नाही.

बूट दुसऱ्याचे वापरलेले घेतले तरी चालतात, मात्र तळवा गुळगुळीत झिजलेला नसावा, टाच एका बाजूला घासलेली नसावी आणि रबरी पट्टी ताणून पाहिल्यावर परत जागेवर यावी. ओले झालेले चामडी बूट रेडिएटरवर ठेवणे म्हणजे पापडासारखे भाजणे. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून हवेशीर जागी वाळवावेत, दोनदा बोळे बदलावेत, मग सॅडल सोप आणि थोडे बाम. बुटांवर तबेल्यातली घाण तशीच राहू दिली तर शिलाई कुजते, आणि बूट फाटतो तो बहुधा शिलाईतच.

विजारीबद्दल लिहिताना मात्र आम्हाला थोडी ऐट करू द्या. साऱ्या इंग्लंडातली मुले घोड्यावर बसताना जी विजार घालतात तिचे नाव जोधपूर! जोधपूरच्या राजघराण्यातले सर प्रतापसिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाला इथे आले ते पोलोचा संघ घेऊन. त्यांच्या खेळाडूंच्या विजारी पोटरीवर घट्ट आणि मांडीशी फुगीर होत्या. इंग्रजांनी विजार उचलली आणि गावाचे नाव तिलाच चिकटवले. मांडीशी तो फुगा होता कारण तेव्हाचे कापड ताणत नसे. जागा ठेवली नाही तर रिकिबीत पाय घालताना विजार फाटायची. पुढे ताणणारे कापड आले आणि फुगा गेला. आज पंधरा-वीस पौंडांच्या साध्या विजारीतही तेच ताणणारे कापड असते, म्हणून इथे महागड्या नावासाठी पैसे घालवण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही.

पाहायचे ते एवढेच. मांडीच्या आतल्या बाजूला जाड शिवण नको, कारण खोगिरावर तासभर घासून तिथेच कातडी सोलते. जीन्सचा दोष हाच. गुडघ्याच्या आत दुहेरी कापडाचे ठिगळ हवे, विजार सर्वांत आधी झिजते ती तिथे. हल्ली रबरासारख्या ठिपक्यांची पकड असलेल्या रायडिंग टाइट्स निघाल्या आहेत. त्या स्वस्त आणि सुखाच्या आहेत, पण कपड्याचा मऊपणा वाढवणारे सॉफ्टनर आणि ड्रायर या दोन गोष्टींनी ते ठिपके गळतात. थंड पाण्यात, उलट करून धुवावे आणि दोरीवर वाळवावे. यंत्रात टाकण्याआधी रबरी हातमोजा ओला करून विजारीवरून फिरवला की घोड्याचे केस गोळा होतात. हा उपाय न केल्यास पुढच्या धुण्यात सदऱ्यांवर, चादरींवर घोडा उगवतो.

डेकॅथलॉनमध्ये घोडेस्वारीचा वेगळा विभाग असतो आणि नवशिक्याला तो पुरतो. ऑल्डी आणि लिडलमध्येही अधूनमधून घोडेस्वारीचे कपडे येतात. आले की दोन दिवसांत संपतात. मात्र मुलांची विजार दुकानात नवी घेण्याआधी शाळेच्या सूचनाफलकावर नजर टाका. मुले भराभर वाढतात, काही पोरांचा घोड्याचा नाद सहा महिन्यांत ओसरतो, आणि जेमतेम दहा वेळा घातलेल्या विजारी तीन-चार पौंडांना मिळतात.

हातमोजे हवेतच, कारण पावसात लगाम निसटतो. लोकरीचे घसरतात. तळहातावर रबरी ठिपके असलेले चार-पाच पौंडांचे पुरतात. पायमोजे फुटबॉलचे, गुडघ्यापर्यंतचे. थंडीत एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे, आणि अगदी अंगालगत सुती बनियन नको. ते घामाने भिजून तसेच थंडगार राहते. वरचे जाकीट कुठलेही चालते. त्याची चेन लावलेली असावी आणि त्याला फडफडणारे काही नसावे. हाच नियम कठड्याशी उभ्या राहणाऱ्या प्रेक्षकांनाही. भारतातून आलेल्या आजीआजोबांना कौतुकाने जरूर न्या, पण रिमझिम सुरू झाली म्हणून कुणी फटकन छत्री उघडली तर रिंगणातले चारही घोडे एकदम उधळू शकतात. आजींची ओढणी आणि आजोबांची छत्री मोटारीत ठेवावी.

अंगावरचे संरक्षक जाकीट, म्हणजे बॉडी प्रोटेक्टर, ही थोडी वादाची वस्तू आहे. सपाट रिंगणात हळू चालणाऱ्याला पुष्कळ शाळा ते सक्तीचे करत नाहीत. उड्या मारायला लागले की करतात. नवे ऐंशी-शंभर पौंडांच्या पुढे. त्यावर इथल्या घोडेव्यवसायाच्या संघटनेचे 'बेटा' हे लेबल असते (नाव आपल्याला उगाच जवळचे वाटते!). २०१८ च्या मानकाचे, लेव्हल ३ चे, निळे-काळे लेबल पाहावे. जांभळे लेबल जुन्या, २००९ च्या मानकाचे. यातही फोमच असल्याने जुने विकत घेण्यावर आमचा विश्वास नाही. पुष्कळ शाळा ते तासापुरते वापरायला देतात, तेवढे पहिले वर्षभर भागते. मापात मात्र तडजोड नको. सैल जाकीट वर सरकून हनुवटीला लागते.

रस्त्यावरून रपेटीला जाणार असाल तर भडक पिवळे किंवा नारिंगी जाकीट, भर दुपारीही. बांधकामावरचे ढगळ जाकीट वाऱ्याने फडफडते, म्हणून घोडेस्वारांसाठीचे अंगाबरोबरचे घ्यावे. दहा-पंधरा पौंडांत येते. मोटार चालवणाऱ्या वाचकांनीही हे वाचावे. हायवे कोडमध्ये जानेवारी २०२२ पासून स्पष्ट लिहिले आहे, की घोड्याजवळून जाताना वेग ताशी दहा मैलांच्या आत आणि अंतर निदान दोन मीटर. त्या घोड्यावर कदाचित आपल्याच शेजाऱ्यांची मुलगी असेल.

आणि खोगीरभरती? हा शब्द आपण मराठीत ज्या अर्थाने वापरतो त्या अर्थाचेच पुष्कळ सामान दुकानदार पुढे करतो. लांब चामडी बूट, स्पर्धेचा कोट, नक्षीदार चाबूक, गुलाबी पेटीतला खराऱ्याचा संच. पहिली दोन वर्षे यातले काही लागत नाही. मुलाला पोटरीला आधार हवासा वाटला तर बुटावरून बांधायचे हाफ चॅप्स घ्यावेत, बूट आणि चॅप्स मिळून लांब बुटाचेच काम होते. स्वतःचे खोगीर घ्यायचा तर विचारही नको, कारण खोगीर स्वाराच्या मापाचे जितके, त्याहून जास्त घोड्याच्या पाठीच्या मापाचे असते. शाळेत दर आठवड्याला घोडा वेगळा.

हौस म्हणून चामड्याच्या कामाचा इतिहास पाहायचा असेल तर वेस्ट मिडलंड्समधले वॉल्सॉल हे खोगिरांचे जुने गाव आहे. तिथल्या फुटबॉल संघाचे टोपणनावही 'सॅडलर्स', म्हणजे खोगीर करणारे. आणि इथल्या स्वस्त लगामांवर 'मेड इन इंडिया' दिसले तर नवल नको. कानपूरला इंग्रजांच्या काळापासून घोड्याच्या सामानाचा धंदा आहे आणि तिथून आजही युरोपात माल जातो. त्यात उत्तमही असते आणि टाकाऊही. चामडे दुमडून पाहावे. वरचा रंग तडकला तर ठेवून द्यावे.

तर हिशेब असा. हेल्मेट पन्नास, बूट पंचवीस, विजार नवी वीस किंवा जुनी चार, हातमोजे पाच. शंभर पौंडांच्या आत माणूस नखशिखान्त तयार होतो. आणि तेही पहिल्या दिवशी नाही. पहिले तीन-चार तास शाळेचे हेल्मेट घेऊन, अंगाबरोबरची ट्रॅक पँट आणि टाचेचे कुठलेही सपाट तळव्याचे बूट घालून खुशाल जावे. मुलाची मांड बसते आहे, त्याला घोड्याचा वास आवडतो आहे, असे दिसले की मग दुकान गाठावे. स्वतःचे तट्टू नसलेल्या मुलांनाही पोनी क्लबचे सभासदत्व रायडिंग स्कूलमार्फत घेता येते, हेही जाता जाता सांगतो.

येत्या दिवाळीच्या कार्यक्रमात दाराजवळ चहाच्या टेबलाखाली एक मोठा खोका ठेवला जाईल. मुलांना लहान झालेल्या विजारी, बूट, चॅप्स, हातमोजे त्यात टाकावेत आणि ज्याला जे बसेल त्याने ते न्यावे. पैशांचा व्यवहार नाही. कपडे धुऊन, केस काढून आणावेत, बुटांचा चिखल घरीच झाडावा आणि प्रत्येक वस्तूला मापाची चिठ्ठी सेफ्टी पिनेने लावावी. हेल्मेट आणि संरक्षक जाकिटे खोक्यात घेतली जाणार नाहीत.